रॉथकोचं चित्र घरी आणताना : छापील प्रतीतून अमूर्त चित्र कसं पाहावं

मार्क रॉथको या अमेरिकन चित्रकाराच्या ‘नं. ६१ (रस्ट अँड ब्लू)’ या १९५३ सालच्या तैलचित्राची छापील प्रत आज घरबसल्या मागवता येते. वर गंजासारखा तांबूस-तपकिरी ठोकळा, मध्ये उजळ निळा पट्टा, खाली त्याहून गडद आणि दबलेला पट्टा, आणि या सगळ्याला धरून ठेवणारी निळसर पार्श्वभूमी. चित्रात एवढंच आहे. अनेक घरांत अशी प्रत सोफ्याच्या वर, पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, चकचकीत काचेमागे आणि ट्यूबलाइटच्या उजेडात लागते. मग थोड्याच दिवसांत तिच्याकडे कुणी बघेनासं होतं आणि ‘अमूर्त चित्र आपल्याला कळत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

माझ्या मते यात बघणाऱ्याचा दोष फार कमी असतो. छापताना चित्राची तीन अंगं हरवतात : आकारमान, रंगाच्या थरांचा पोत आणि चित्रकाराला हवा असलेला उजेड. यातलं थोडंफार परत मिळवता येतं. प्रत कोणत्या मापाची घेता, कशी मढवता, कुठे टांगता आणि कोणत्या वेळी पाहता, यावर ते अवलंबून असतं. पुढे सगळं याच क्रमानं सांगतो. उदाहरण एकाच चित्राचं धरलं आहे, पण १९५० च्या आसपासच्या बहुतेक अमूर्त चित्रांना हीच रीत चालेल.

आधी मूळ चित्राची मापं काढा

प्रत मागवण्याआधी मूळ चित्राचं वर्ष, माध्यम, मापं आणि ते कुठे आहे, एवढी माहिती कागदावर उतरवून घ्या. आपलं चित्र लॉस एंजेलिसच्या म्युझियम ऑफ कंटेम्पररी आर्टच्या संग्रहात आहे. उंची साधारण २९३ सेंमी, रुंदी २३४ सेंमी. म्हणजे साडेनऊ फुटांहून उंच. नेहमीच्या फ्लॅटमध्ये ते छताला टेकेल.

आता ५० × ४० सेंमीची प्रत घेतली तर काय होतं ते बघा. लांबी-रुंदीत ती सहापट लहान होते आणि क्षेत्रफळात जवळजवळ चौतीसपट. रॉथकोला आपली मोठी चित्रं लोकांनी जवळून पाहायला हवी होती. दीड फुटावरून पाहावं असं तो सांगत असे. एवढ्या जवळून मूळ चित्र पाहिलं की ते नजरेच्या कडेपर्यंत पसरतं आणि आपण चित्रासमोर न राहता त्याच्या आत असल्यासारखे होतो. हाच अनुभव ५० सेंमीच्या प्रतीतून घ्यायचा तर डोळे तीन इंचांवर न्यावे लागतील आणि तिथे काही स्पष्ट दिसणार नाही. उलट, या प्रतीपासून दीड फुटावर उभं राहणं म्हणजे मूळ चित्रापासून पावणेनऊ फुटांवर उभं राहणं. सोफ्यावर बसून आठ-नऊ फुटांवरून प्रत पाहणारा माणूस प्रत्यक्षात पन्नास फुटांवरून चित्र बघत असतो!

यातून खरेदीचा पहिला नियम मिळतो. परवडेल आणि भिंतीवर मावेल तेवढी मोठी प्रत घ्या. १०० × ८० सेंमीची प्रत घेतलीत तर दीड फुटावर बसून तुम्ही मूळ चित्रापासून साधारण साडेचार फुटांवर पोहोचता. हा फरक फार मोठा आहे. दोन-तीन लहान प्रतींपेक्षा एक मोठी प्रत कधीही बरी.

दुसरं, प्रमाण तपासा. या चित्राची उंची रुंदीच्या सव्वापट आहे. ५० × ४०, ७५ × ६०, १०० × ८० ही मापं त्याला बरोबर बसतात. ए-२, ए-३ हे तयार आकार बसत नाहीत, कारण त्यांची लांबी रुंदीच्या १.४१ पट असते. मग छापणारा एकतर कडा कापतो, नाहीतर चित्र ताणतो. रॉथकोच्या चित्रात कडेची अरुंद पट्टी कापली तर चित्रच कापलं जातं, कारण ठोकळे कॅनव्हासच्या कडेला टेकत नाहीत. त्यांच्याभोवती उरलेल्या त्या पट्टीमुळेच ते तरंगताना दिसतात. कागदाचं माप जुळत नसेल तर चारी बाजूंनी पांढरी कड सोडायला सांगा, पण कापू देऊ नका.

प्रत कुठून घ्यायची

रॉथको १९७० मध्ये वारला. आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो, म्हणजे त्याच्या चित्रांवर तो २०३० अखेरपर्यंत आहे. इंटरनेटवरून चित्र उतरवून घेऊन कोपऱ्यावरच्या डिजिटल प्रिंटवाल्याकडून विकण्यासाठी प्रती काढून घेणं कायद्यात बसत नाही. शिवाय अशा फाइलमध्ये तपशील फारसा उरलेला नसतो. संग्रहालयांची दुकानं आणि परवाना असलेले प्रकाशक यांच्याकडे जा. प्रतीवर किंवा तिच्या माहितीत हक्कधारकाचा उल्लेख आहे का, ते बघा.

संग्रहालयांची पोस्टरं चांगली असतात, पण त्यांवर खाली मोठ्या अक्षरांत चित्रकाराचं आणि प्रदर्शनाचं नाव असतं. अक्षर दिसलं की डोळा ते वाचायला धावतो आणि निळ्यापाशी थांबत नाही. म्हणून मजकूर नसलेली प्रत शोधा. तशी मिळालीच नाही तर फ्रेममधल्या माउंटखाली (चित्राभोवती बसवायच्या, खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याखाली) अक्षरं झाकता येतात.

कागद आणि रंग

कॅनव्हासवर छापलेली प्रत घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. तिच्यावर कापडाचा खरखरीतपणा सगळीकडे सारखा दिसतो. मूळ चित्रात मात्र रंग कुठे पाण्यासारखा पातळ, कुठे साचलेला, कुठे मिणमिणता, कुठे चमकदार आहे. रॉथको रंग टर्पेंटाइननं पातळ करून थरावर थर देत असे. रंगात अंडं आणि ‘डामर’ नावाची झाडाची राळ मिसळल्याचंही त्याच्या काही चित्रांच्या तपासणीत सापडलं आहे. छापील कापडाचा पोत या सगळ्यावर एकच खोटी त्वचा चढवतो. त्यापेक्षा जाड, न चमकणारा मॅट कागद प्रामाणिक असतो, कारण तो तैलचित्र असल्याचं सोंग आणत नाही.

छपाईत पिगमेंट शाई, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली शाई वापरली आहे का, ते विचारा. बाजारात अशा छपाईला ‘जिक्ले’ म्हणतात. साध्या चार रंगांच्या ऑफसेट छपाईत गडद निळा बऱ्याचदा जांभळ्याकडे झुकतो, आणि आपल्या चित्राचा तर प्राणच निळ्यात आहे. आठ-दहा शायांचं चांगलं इंकजेट यंत्र निळ्याच्या जास्त छटा पकडतं. मोठी प्रत मागवण्याआधी लहान नमुना मिळतो का पाहा. तो दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, संग्रहालयाच्या संकेतस्थळावरच्या प्रतिमेशेजारी धरा. पडदे रंग बदलतात, त्यामुळे तंतोतंत जुळण्याची अपेक्षा नको. वरच्या तपकिरी ठोकळ्यात आणि खालच्या गडद पट्ट्यात फरक कळतोय का, आणि गडद भागांत अजून काही हालचाल दिसते की सगळं काळं सपाट झालं आहे, एवढं तपासा. सपाट काळं दिसलं तर प्रत परत करा.

फ्रेमवाल्याकडे जाताना

रॉथको आपल्या या काळातल्या चित्रांना चौकट लावत नसे. कॅनव्हासच्या बाजूच्या कडाही तो रंगवी, म्हणजे चित्र भिंतीशी थेट बोलावं. कागदाच्या प्रतीला मात्र संरक्षण लागतंच. तेव्हा फ्रेम जितकी गप्प राहील तितकं चांगलं. अरुंद, सपाट लाकडी पट्टी घ्या, अर्ध्या ते पाऊण इंचाची. रंग फिका लाकडी किंवा करडा. सोनेरी नक्षीची पट्टी या चित्राला मारते. काळी पट्टीही टाळा असंच मी म्हणेन, कारण ती गडद कडांशी मिसळून चित्राला आतल्या बाजूला ढकलते.

माउंटचा पुठ्ठा अॅसिड-फ्री हवा, नाहीतर काही वर्षांत कागदाच्या कडेनं पिवळी रेघ उमटते. रंग शुभ्र नको, किंचित मळकट पांढरा घ्या. माउंटची खिडकी चित्रावर चढू देऊ नका. चित्राच्या कडेबाहेर पाव इंच कागद दिसेल अशी ती कापायला सांगा. प्रत मागच्या पुठ्ठ्यावर गोंदानं पूर्ण चिकटवण्याची बऱ्याच दुकानांत सवय असते, कारण त्यानं कागद सपाट राहतो. तसं करू देऊ नका. वरच्या बाजूला कागदी पट्ट्यांच्या दोन बिजागऱ्या लावून प्रत टांगलेली असावी, म्हणजे दमट हवेत कागद फुगला तरी त्याला हलायला जागा राहते. सेलोटेप तर अजिबात नको.

मुंबई, कोकण, गोवा इथे राहणाऱ्यांनी काचेकडे विशेष लक्ष द्यावं. प्रत काचेला टेकली तर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग निघतो. माउंटच्या जाडीमुळे मध्ये फट राहते. माउंट नको असेल तर कडेनं स्पेसर पट्टी घालायला सांगा. मागची बाजू कागदी टेपनं बंद करून घ्या आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर रबरी गोट्या लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळती राहील. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर कागदाची कोणतीही प्रत लावू नका. पावसाळा संपला की एकदा उतरवून मागे बुरशी आहे का ते बघा.

गडद चित्रावर साधी काच म्हणजे आरसाच. तपकिरी ठोकळ्यात तुम्हाला खिडकी, पंखा आणि स्वतःचा चेहरा दिसेल. खरखरीत नॉन-ग्लेअर काच प्रतिबिंब मारते, पण प्रतीपासून थोडी दूर बसली की रंगही धुरकट करते. खर्च करायचाच असेल तर परावर्तन कमी करणाऱ्या थराची काच किंवा अॅक्रिलिक घ्या. मोठ्या मापात अॅक्रिलिक सोयीचं पडतं, कारण त्याचं वजन काचेच्या निम्म्याहून कमी असतं. फक्त त्यावर ओरखडे लवकर उठतात, म्हणून पुसायला मऊ सुती कापडच वापरा.

जागा, भिंत, उजेड

या बाबतीत खुद्द रॉथकोनं लिहून ठेवलेल्या सूचना आहेत, हे आपलं भाग्यच. १९६१ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत त्याचं प्रदर्शन झालं, तेव्हा त्यानं कळवलं होतं की भिंती शुभ्र नकोत, त्यात अंबर (umber) या मातीसारख्या तपकिरी रंगाची छटा आणि किंचित लाल मिसळा. भिंती फार पांढऱ्या असल्या तर त्या चित्रांशी भांडतात. उजेड प्रखर नको. मोठी चित्रं जमिनीपासून शक्यतो सहा इंचांच्या आत टांगा. लहान चित्रं थोडी वर चालतील, पण छताकडे चढवू नका.

आपल्याकडे तसबिरी दरवाज्याच्या वर, छताखाली, पुढे झुकवून टांगायची जुनी पद्धत आहे. पूर्वजांच्या फोटोंना ती शोभते. या चित्राला ती अजिबात नको. जिथे तुम्ही रोज बसता त्या खुर्चीच्या समोर किंवा बाजूला, हात लांब केला तर पोहोचेल अशा अंतरावर प्रत लावा. मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर यावा, म्हणजे जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर. अभ्यासाच्या टेबलाजवळची भिंत चालेल, पॅसेजच्या शेवटची छोटी भिंतही चालेल. टीव्हीशेजारची नको. बाजूला दुसरी चित्रं, घड्याळ, दिनदर्शिका काही नको. सगळं घर रंगवायची गरज नाही, तेवढ्या एका भिंतीला मळकट, उबदार पांढरा रंग दिलात तरी पुरे.

घरातल्या ट्यूबलाइट आणि एलईडी बऱ्याचदा ६५०० केल्व्हिनच्या थंड पांढऱ्या असतात (केल्व्हिनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). त्यात तांबूस तपकिरी मेल्यासारखा दिसतो. त्या कोपऱ्यात ३००० केल्व्हिनच्या आसपासचा, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० किंवा जास्त असलेला एक बल्ब लावा, तोही बाजूनं आणि मंद. चित्रावर थेट रोखलेला दिवा नको.

उन्हाबद्दल तर हार्वर्डची कथाच पुरेशी आहे. रॉथकोची पाच मोठी भित्तिचित्रं १९६४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावरच्या जेवणाच्या खोलीत लागली. मोठ्या खिडक्या, भरपूर ऊन. त्यानं वापरलेल्या किरमिजी मिश्रणात लिथॉल रेड नावाचा उन्हात न टिकणारा रंग होता. चित्रं इतकी फिकी पडली की १९७९ मध्ये ती उतरवावी लागली. २०१४ मध्ये हार्वर्डच्या कला संग्रहालयानं त्यांच्यावर प्रोजेक्टरनं हिशोबशीर रंगीत प्रकाश टाकून मूळ रंग डोळ्यांपुरते परत आणून दाखवले. आपल्या कागदी प्रतीसाठी तेवढं कुणी करणार नाही. ऊन जिथे दिवसातून अर्धा तासही पडतं, ती भिंत सोडा.

आता पाहायचं कसं

सुरुवातीला काही वाचू नका, कुणाला अर्थ विचारू नका. खुर्ची दीड-दोन फुटांवर घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दहा मिनिटं बसा. नजर ठोकळ्यांच्या मध्यावर न ठेवता त्यांच्या कडांवरून सावकाश फिरवा. एकही कड सरळ कापलेली नाही. तपकिरी जिथे संपतो तिथे तो विरतो, आणि त्याच्या खालून निळा डोकावतो. आधी कोणता रंग दिला असेल आणि नंतर कोणता, याचा अंदाज बांधत जा. एवढं करताना लक्षात येतं की तीन-चार वाटलेल्या रंगांच्या कितीतरी छटा आहेत.

मग एक करडा कागद घ्या आणि मधला उजळ निळा पट्टा झाका. वरचा तपकिरी लगेच थंडावतो. कागद काढा, तो पुन्हा तापतो. निळ्याच्या शेजारी तांबूस जास्त उष्ण दिसतो, कारण डोळा प्रत्येक रंग शेजारच्या रंगाशी तोलूनच पाहतो. आता खालचा पट्टा झाका. वरचं वजन एकदम अधांतरी होतं की नाही? चित्रात ‘काहीच नाही’ असं म्हणणाऱ्याला मी हे एवढंच करायला सांगतो. चित्राचा फोटो फोनवर उलटा करूनही बघा. वरचं वजन खालच्या पट्ट्यानं तोललेली ही रचना उलटली की सगळा ताण निघून जातो, आणि तो ताण होता हे तेव्हाच कळतं.

समुद्र, क्षितिज, संध्याकाळचं आकाश हे सगळं दिसेलच. येऊ द्या आणि जाऊ द्या. आडवे पट्टे दिसले की मन निसर्गचित्र शोधतं, त्यात वावगं काही नाही. पण तिथेच थांबलात तर चित्र संपतं. रॉथको तर स्वतःला अमूर्तवादी म्हणवून घ्यायलाही तयार नव्हता. रंगांच्या आणि आकारांच्या नात्यांत आपल्याला रस नाही, माणसाच्या मूळ भावना व्यक्त करण्यात आहे, असं तो म्हणे : शोक, उन्माद, सर्वनाश. तुम्हाला त्यातलं काही वाटलंच पाहिजे असा आग्रह नाही. एका बैठकीत मन कुठे जड झालं, कुठे मोकळं झालं आणि त्या वेळी नजर कोणत्या भागावर होती, इतकं टिपलंत तरी तुम्ही चित्र पाहिलंत.

आता या लेखातली सर्वात महत्त्वाची सूचना. हे चित्र तिन्हीसांजेला पाहा. सूर्य मावळला की दिवे न लावता समोर बसा आणि अर्धा तास तिथून उठू नका. उजेड कमी होत जातो तशी डोळ्याची रंग पाहण्याची व्यवस्था बदलते. लाल-तांबूस रंग लवकर काळवंडतात आणि निळे त्या मानानं उजळ राहतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किनये यानं एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं, म्हणून या परिणामाला त्याचंच नाव आहे. आपल्या चित्रात नेमके हेच दोन रंग समोरासमोर आहेत. भर दिवसा वरचा तपकिरी ठोकळा पुढे येऊन निळ्यावर ओठंगलेला असतो. अंधारत जाताना तो मागे सरतो, जवळजवळ काळा होतो, आणि मधला निळा पट्टा आतून दिवा लावल्यासारखा उरतो. छापील प्रतीतही हे घडतं, कारण हा खेळ शाईत नाही, तुमच्या डोळ्यांत आहे. प्रखर उजेड नको असं रॉथको का म्हणत असेल, ते अशा एका संध्याकाळी माझ्या लेखापेक्षा जास्त कळेल. दहा-पंधरा मिनिटांत उठलात तर मात्र अर्धंच दिसेल, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात.

सकाळी परत बघा. ढगाळ दिवशी बघा. आठवडाभर फिरकलात नाही तरी चालेल.

मूळ रंग पाहून या

प्रत कितीही चांगली असली तरी रंगाचा थर कसा असतो ते अधूनमधून प्रत्यक्ष पाहावं लागतं, म्हणजे प्रतीत काय नाही ते डोळ्यांना आठवतं. त्यासाठी अमेरिकेलाच जायला हवं असं नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची चित्रं आहेत. मूळ गोव्याच्या कुटुंबातले, नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले होते. त्यांची वाट रॉथकोहून स्वतंत्र आहे. ते रोलरनं आणि पॅलेट नाइफनं रंग चढवत, काढत, पुन्हा चढवत. त्यांच्या चित्रापुढे एकदा तिरकं उभं राहा आणि बाजूनं पृष्ठभाग बघा. उंचवटे, खरवडलेल्या जागा, खालच्या थराची चमक. कोणत्याही छापखान्यातून हे बाहेर पडत नाही. संग्रहातलं प्रत्येक चित्र नेहमी मांडलेलं नसतं, म्हणून आधी फोन करून विचारा.

मुलांकडे परदेशी जाणं होत असेल तर यादी सोपी आहे. लंडनच्या टेट मॉडर्नकडे रॉथकोनं दिलेली किरमिजी-काळी भित्तिचित्रं आहेत. ती १९७० च्या २५ फेब्रुवारीला, त्याच्या मृत्यूच्याच दिवशी, लंडनला पोहोचली होती. वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये त्याच्या चित्रांची एक लहानशी खोली आहे, आणि मला वाटतं घरी प्रत लावणाऱ्यानं तीच आधी पाहावी, कारण तिथे चित्रं राहत्या घरातल्यासारखी जवळ येतात. ह्यूस्टनला असाल तर १९७१ मध्ये उघडलेलं रॉथको चॅपल चुकवू नका. तिथली चौदा चित्रं जवळजवळ काळी आहेत आणि उजेड छतातून येतो. आत गेल्यावर लगेच काही दिसणार नाही. बाकावर बसा, तासभर हाताशी ठेवा, आणि जमलं तर ढग येत-जात असतील असा दिवस निवडा.